कोहळ्याचा पहिला घाव

ये व बाई, अशी जवळ सरक. कागदावरून का होईना, सरक. दूर बसलेल्या माणसाला मला रागावता येत नाही, आणि आज मला तुला रागवायचंच आहे.

मागच्या आठवड्यात तुझा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोललीस. दवाखान्यातली ड्युटी, नळाला येणारं गढूळ पाणी, शेजारणीचं कुत्रं. आणि मग फोन ठेवता ठेवता हसत हसत सांगितलंस, "मावशी, बाजारातून चांगलं मोठं कोहळं आनलं होतं. पन हे टूरवर गेले, मंग तसंच राह्यलं. खालून सडलं. फेकून द्या लागलं."

मी विचारलं, "काऊन व, घरात चाकू नव्हता?"

मग हळूच म्हणालीस, "चाकू होता मावशी. मानूस नव्हता."

फोन ठेवून मी अंगणात बसले ती चहा गार होईपर्यंत. अगं, नर्स आहेस तू! लोकांच्या शिरा शोधतेस, टाके घालायला डॉक्टरच्या शेजारी उभी राहतेस, रक्त पाहून तुझी पापणी लवत नाही. आणि कोहळ्याला भ्यालीस? दुसरी कोणी असती तर मी हसून सोडून दिलं असतं. पण तू तर त्या दिवशी माझ्यासमोर बसली होतीस, पहिल्या रांगेत, ताटली मांडीवर घेऊन. विसरलीस ना? मग पहिल्यापासून सांगते. आणि ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांनीही ऐका. तुमच्याही घरात एखादं कोहळं, तुमच्याकडचा लाल भोपळा, कोणाची तरी वाट पाहत पडलं असेल.

आधी माझ्या पावशीचं सांगते, कारण तिच्याशिवाय यातलं काहीच झालं नसतं. तिकडे पुण्याकडे पावशीला विळी म्हणतात. लाकडी पाटाला उभं पातं, आपण पाटावर पाय ठेवून बसायचं आणि भाजी पात्याकडे न्यायची. माझी पावशी मला लग्नात मिळालेली नाही. एटापल्लीकडच्या आश्रमशाळेत, मुलींच्या वसतिगृहात मी स्वयंपाकाला लागले, तेव्हा घरची लहान पावशी तिथे पुरेना. माझा नवरा ट्रकवर ड्रायव्हर. ट्रकच्या स्प्रिंगचा तुटलेला पाटा घरामागे पडून होता. तो डोक्यावर घेऊन मी सूरजागडकडच्या एका म्हाताऱ्या लोहाराकडे गेले. त्याने तो उलटापालटा करून पाहिला आणि नाक मुरडलं. म्हणाला, "हे बाहेरचं लोखंड. माया आज्याच्या टायमाले या डोंगराचा गोटाच भट्टीत टाकत, तवा लोखंड निंगे. ते लोखंड असतं तं तुया नातीनं बी वापरलं असतं." मग म्हणाला, "चालन. हे बी चालन." पंधरा-सोळा वर्षं झाली. चालून राह्यलं आहे.

पात्याचे कायदे फार, बाई. मी लहान होते तेव्हा आईने एकेक करून शिकवले. पावशी उभी ठेवून उठायचं नाही, आडवी पाडून उठायचं. सुरी एकीच्या हातातून दुसरीच्या हातात द्यायची नाही, खाली ठेवायची आणि दुसरीने उचलायची, नाहीतर दोघींत भांडण होतं. दिवेलागणीला धार लावायची नाही. ग्रहणात पोटुशीने काही चिरायचं नाही, नाहीतर लेकराचा ओठ फाटका येतो. यातला पहिला कायदा मी अजून पाळते, कारण उभ्या पावशीवर रांगतं लेकरू पडलेलं मी पाहिलं आहे. बाकीचे मोडले. सुऱ्या हातोहात दिल्या, भांडणं व्हायची तेवढीच झाली. पोरगा पोटात असताना ग्रहण आलं, आणि ग्रहणापेक्षा मोठी भूक आली. दार लावून वांगी चिरली. पोराचा ओठ अख्खा निघाला. जीभ तेवढी जरा जास्त चालते, पण ती त्याच्या आईकडून आली.

खाण्याच्या बाबतीत माझे डोळे तुम्ही पोरींनीच उघडले, हे मात्र कबूल करते. दिवाळीच्या सुट्टीहून परत येताना तू पानाच्या पुड्यात लाल मुंग्यांची चटणी आणली होतीस. आठवतं का? मी तोंड फिरवलं. तू आठ-नऊ वर्षांची, धड मराठी येत नव्हतं, तरी कंबरेवर हात ठेवून म्हणालीस, "मावशी, तू झिंगे खाते ना? झिंग्याले बी पाय राह्यते." सगळ्या पोरी खिदळल्या. मी बोटावर घेऊन चाटली. आंबट, झणझणीत, जिभेवर अशी चढली की दुसरं बोट मी आपणहून बुडवलं. त्या दिवशी मला कळलं की या पोरीसमोर उगाच काही सांगून चालायचं नाही. विचारते ती.

आता कोहळं. हा कायदा मोडायला मला पस्तिशी गाठावी लागली.

आमच्याकडे अख्खं कोहळं बाईने चिरायचं नाही. पहिला घाव पुरुषाने घालायचा. त्यानंतर फोडी, साल, बिया, फोडणी, भाजी, भांडी सगळं बाईचं, पण पहिला घाव त्याचा. कारण काय, तर कोहळं म्हणजे घरचा थोरला लेक. बाईने त्याच्यावर पातं टेकवलं की पोटच्या लेकावर बेततं.

माझ्या माहेरी माझ्या जन्माआधीच दीक्षा घेतलेली. आज्याने देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरून वैनगंगेत सोडले, त्याची गोष्ट आम्ही पोरांनी किती वेळा ऐकली असेल! उपास सुटले, कोंबडं-बकरं देणं सुटलं, अंगात येणं सुटलं. पण छपरावरून कोहळं उतरलं की माझी आई दारात उभी राहून हाक मारायची, "कोनी मानूस हाय का व घरी?" टोपलीभर देव नदीत सोडणाऱ्या घराला एक कोहळं सोडता आलं नाही.

आणि माणूस म्हणजे कसाही चालायचा, बरं का. माणूसपण एवढंच पाहिजे की तो बाई नाही. एकदा साऱ्या गल्लीत कोणी सापडेना, सगळे धानाच्या बांधीत. तेव्हा शेजारणीने आपलं सात महिन्यांचं पोरगं आणलं. त्याच्या मुठीत सुरीची मूठ दिली, वरून आपला हात धरला आणि दाबलं. त्या मर्दाने घाव घातला आणि लगेच आईच्या लुगड्यावर मुतला. सगळ्या म्हणाल्या, झालं, चिरा आता. माझा नवरा तर विचारूच नको. जन्मात कधी कांदा चिरला नाही, पण कोहळ्यावर घाव घालताना अशी छाती काढायचा, जसा वाघ मारून राह्यला.

माझी सासू आमच्याजवळच राहायची. मी तिला आत्याबाई म्हणत असे. ती सगळं खायची. वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, सुकी मासोळी, मोहाची भाकर, काही म्हणून सोडायची नाही. फक्त कोहळं खात नसे. घरात कोहळ्याची भाजी झाली की ताटात भात आणि चटणी घ्यायची, तोंड भिंतीकडे करून जेवायची. विचारलं की म्हणायची, "मले वात होते." मीही कधी जास्त खोदून विचारलं नाही. असेल वात.

वसतिगृहात कोहळी पोत्याने यायची. टिकतात, फोडी भरपूर होतात, पोरी खातात. तिथे पहिला घाव चौकीदाराचा. सकाळी हातपाय धुऊन यायचा, पाच-सहा कोहळ्यांवर एकेक घाव घालून जायचा. एवढंच त्याचं स्वयंपाकघरातलं काम, पण त्याच्या चालीवरून वाटायचं की जेवण त्यानेच केलं.

त्या वर्षी पोळ्याची सुट्टी लागली. जवळच्या पोरी घरी गेल्या. नाल्यापलीकडच्या, लांबच्या साठेक पोरी राहिल्या, त्यात तू. मास्तर लोक गावी गेले. चौकीदारही गेला, परवा येतो म्हणाला. आणि मग पाऊस असा लागला की परवा आलाच नाही. नाल्याला पूर, पुलावरून पाणी, भाजीची गाडी पलीकडे. डाळीचा डबा खरवडून झाला. दोन दिवस तुम्ही भातावर मीठ-मिरची घेऊन जेवलात. तिसऱ्या दिवशी मी कोठीचं दार उघडलं, तर तांदूळ होता, आणि कोपऱ्यात बारा कोहळी. गोल, पिवळी, मुकाट बसलेली.

माझ्या हाताखाली एक मदतनीस होती, सिरोंचाकडची, घरी तेलुगू बोलणारी. मी कोहळ्याकडे पाहते आहे हे पाहूनच ती ओरडली, "अम्मो! अक्का, गुम्मडीले हात नोको लावू. आमच्यात बी मानूसच कापते."

पाहा बरं. तिची भाषा वेगळी, माझी वेगळी. तिचे सण वेगळे, माझे वेगळे. तिची आई माझ्या आईला कधी भेटली नाही. तरी कोहळ्यावर दोघींचं एकमत!

मी लगेच पातं उचललं असं सांगितलं तर खोटं होईल. मीही आधी माणूसच शोधायला गेले. पावसासाठी पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन चिखलातून गावात चार घरं फिरले. पोळ्याची अजून कोणाची उतरली नव्हती. एकजण खाटेवरून म्हणाला, "उद्या ये." दुसरा घरात असून नव्हता. शेवटी एक म्हातारा भेटला, म्हणाला, "आन इथी, मी कापतो." मी त्याचे हात पाहिले. ते असे थरथरत होते की कोहळ्याच्या आधी त्याची मांडी कापली गेली असती. "राहू द्या बाबाजी," म्हटलं आणि परत फिरले.

परत आले तर तुम्ही सगळ्या ओसरीत ताटल्या घेऊन बसलेल्या. कोणी काही मागत नव्हतं. मागितलं असतं तर बरं झालं असतं. भाताचा वास सुटला होता आणि साठ पोरी माझ्या हाताकडे पाहत होत्या. मला एकाएकी राग आला. कोणाचा ते तेव्हा कळलं नाही. नाल्याचा, चौकीदाराचा, खाटेवरच्या त्या माणसाचा, का माझा स्वतःचाच. साठ पोरी कोरड्या भातावर आणि मी धडधाकट बाई, लोखंडाचं पातं समोर, आणि गावभर फिरून राह्यली, कोणी घाव घालता का घाव!

पावशी ओढली, पाटावर पाय रोवला. सगळ्यांत मोठं कोहळं दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं आणि पात्यावर आणलं. काटकन आवाज झाला. मदतनीस बाईने तोंड भिंतीकडे केलं. कोहळं दोन भाग होऊन इकडे तिकडे डोललं, आतून तो ओला, गोडसर वास आला.

मग तू बोललीस. उठून पुढे आलीस, अर्ध्या कोहळ्यात डोकं घालून पाहिलंस आणि विचारलंस, "मावशी, रक्त नाई निंगालं?"

"नाई व. कोहळ्यात रक्त नसते. बिया असतेत."

तू हात घालून पाहिलंस. बोटाला बिया चिकटल्या, त्या बाकीच्या पोरींना दाखवल्यास. "बियाच हायेत," म्हणालीस. जसा पंचनामा केला. दुसऱ्या कोहळ्याला मदतनीस अर्धी वळली. तिसऱ्याला येऊन बसली. चौथं तिने फोडलं, डोळे मिटून, पण फोडलं. त्या दिवशी तुम्ही इतक्या जेवलात की कढई धुवायला फार काही उरलं नाही.

पाणी उतरलं, चौकीदार आला. अंगणात वाळत घातलेल्या बिया पाहून थांबला. "कोनं कापलं?"

"मी."

तो जिभेने चुकचुकला. "तुले एकच पोरगा हाय ना, बाई?"

एवढंच बोलला. पण मी घरी पोचायच्या आधी त्याचं बोलणं घरी पोचलं होतं. आत्याबाईने मला पायावर पाणी दिलं, आणि माझ्याजवळ जेवायला बसली नाही. मला वाटलं, रागावली. रागावू दे.

बाराव्या दिवशी पोरगा शाळेतून आला तो थरथरत. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. सकाळी अंग तव्यासारखं, आणि तोंडाने भलतंच. "आई, बैल आला, बैल सोड." अंगणात बैल नव्हता, कोणाचाच नव्हता. नवरा ट्रक घेऊन कुठे होता कोणास ठाऊक. मी पोराला पाठीवर बांधलं, रस्त्यावर आले, जीप थांबवली. आत्याबाई मागून धावत येऊन चढली. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत ती त्याचे तळपाय चोळत होती.

दवाखान्यात बोट टोचून काचेवर रक्त घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं, हिवताप आहे, डोक्यात चढायला लागला आहे, दोन दिवस कठीण. मी विचारलं, कशाने झाला. म्हणाले, डास चावला असेल, दहा-बारा दिवसांपूर्वी. दहा-बारा! आत्याबाईने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. डॉक्टरलाही काय दुसरे दिवस सापडले नाहीत!

सलाईन लागली. आत्याबाईने मला खुणेने व्हरांड्यात बोलावलं. भर दुपार होती, मोहाच्या झाडाखाली लोक डबे खात बसले होते.

"लेकाच्या डोक्यावर हात ठेव," ती म्हणाली. "अन् म्हन, याच्यापुढे कोहळ्याले पातं लावनार नाई. चूक झाली म्हन."

"आत्याबाई, हिवताप हाय तो. डॉक्टरनं रक्त पाह्यलं."

"साऱ्या गावाले डास चावते. तुयाच लेकाले काऊन झालं?"

मी आत, पोराच्या खाटेकडे पाहिलं.

"काय जाते व तुयं? दोन शब्द तं म्हनायचे हायेत."

खरं सांगते, बाई, ते दोन शब्द माझ्या दातांपर्यंत आले होते. काय जात होतं माझं? पोटचा एकच पोरगा आत तापाने फणफणतो आहे. कोणी म्हटलं असतं की दगडावर डोकं आपट, तर आपटलं असतं. मी आत जाऊन त्याच्या कपाळावर हातही ठेवला. गरम, कोरडं कपाळ. तोंड उघडलं. आणि मला तुझ्या बोटाला चिकटलेल्या त्या बिया दिसल्या.

मी शपथ घेतली आणि पोरगा उठला, तर तो गोळीने नाही, शपथेने उठला असं होणार होतं. आज ना उद्या ते वसतिगृहात कळणार. साठ पोरी आपापल्या गावी जाऊन सांगणार की मावशीने कापलं, तिचं पोरगं मरायला टेकलं, तिने चूक कबूल केली, वाचलं. मग तू पाहिलेल्या बिया खोट्या झाल्या आणि न निघालेलं रक्त खरं झालं. शपथ नाही घेतली आणि पोरगा गेला असता तर? तर तेही सांगितलं असतं, जन्मभर सांगितलं असतं. हेही मला दिसत होतं. मी काही शूर नव्हते. खाटेच्या दांडीला धरून उभी होते.

बाहेर आले. म्हटलं, "नाई म्हननार मी."

"अन् मेला तं?"

"मेला तं हिवतापानं मेला म्हनीन. रडीन, छाती पिटीन. पन मी मारला असं नाई म्हननार, आत्याबाई. मी त्याले मारला नाई. मी साठ पोरीले जेवू घातलं."

मला वाटलं ती मला मारेल. तिने हात उचललाही नाही. माझ्याकडे पाहत राहिली, असं पाहत की जसं मी तिला ओळखीची वाटत नव्हते. मग मटकन खाली बसली आणि भिंतीकडे तोंड केलं. जेवताना करायची तसं.

दोन दिवस गेले ते कसे गेले ते मी लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पोराला घाम फुटला. उशी भिजली, अंग गार लागलं, आणि डोळे उघडून तो म्हणाला, "बिस्कुट आन." मी बिस्कुट आणायला वळले तर आत्याबाई दारात उभी, पदर तोंडात धरून. मला म्हणाली, "बस जरा."

आम्ही व्हरांड्यात बसलो. ती बराच वेळ फरशीवर बोटाने रेघा ओढत होती.

"तुया नवऱ्याच्या आधी मले एक होता," ती म्हणाली. "थोरला. चार वर्साचा."

मला हे माहीत नव्हतं. तिच्या घरात दहा-बारा वर्षं राहिले, माहीत नव्हतं.

"बाप बांबूकटाईले गेला होता. घरात दाना नाई. छपरावर एक कोहळं. लेकरू भुकेनं रडून राह्यलं होतं. मी इळ्यानं कापलं. त्याले भरवलं, मी बी खाल्लं. महिना झाला नाई, गेला. असाच तापला होता व. असाच बैल आला, बैल आला करे." तिने पदर डोक्यावर ओढला. "बायाईनं मायं नाव लेकखाई ठेवलं. पान्याले गेली का मागून म्हनत. आमी ते गाव सोडलं, तरी ते नाव मले आयकू येते."

"म्हनून तुमी कोहळं खात नाई?"

"कसं खाऊ?"

मी विचारलं, "आत्याबाई, त्याचं रक्त तपासलं होतं का कोनी?"

"रक्त? तवा कोन तपासत होतं?"

"मंग कोहळ्यानं गेला हे कोनं तपासलं?"

मी डॉक्टर नव्हते, तिचा लेक कशाने गेला हे मी कुठून सांगणार? पण कोहळ्याने गेला नाही एवढं मला ठाऊक होतं, आणि त्याचा पुरावा आत खाटेवर बसून बिस्कुट मागत होता. मी आत बोट केलं. "ते पाहा. मी पहिला घाव घातला. चूक बी नाई म्हनली. अन् ते पाहा."

ती रडली. बायका रडतात तशी गळा काढून नाही. नुसतं पाणी वाहत होतं, आणि ती ते पुसतही नव्हती. साठीची बाई, चाळीस वर्षं एका कोहळ्याचा खून अंगावर घेऊन जगली. मला तेव्हा कळलं की मला राग कोणाचा आला होता.

मी वसतिगृहात परत गेले. चौकीदार सकाळी हातपाय धुऊन आला, सवयीने पावशीकडे वळला. मी म्हटलं, "भाऊ, पोतं तेवढं उचलून आत ठेवा. घाव आमी घालतो." "पोरगा वाचला म्हनून माजली," असं तो बाहेर बोलला, ते मला ऐकू आलं. मी कोहळं जरा जोरात फोडलं, म्हणजे त्यालाही ऐकू जावं. गावातही बोलले. मर्दानी म्हणाले, आणखी काय काय म्हणाले. म्हणू दे. ज्याच्यावर बेतणार म्हणत होते तो पोरगा आता त्यांच्याच पोरांना घेऊन नाल्यात मासे धरत होता.

पुढच्या वर्षी आमच्या छपरावर कोहळं पिकलं. नवरा घरी होता. छाती काढून पुढे आला, इळा हातात. आत्याबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तू बस गा तिकडे. तिले कापू दे."

नवऱ्याला वाटलं, आईचं डोकं फिरलं. बसला मात्र.

मी फोडलं. भाजी केली, मेथीदाणा घालून. आत्याबाईच्या ताटात न विचारता वाढली. ती एक फोड दोन बोटांत धरून किती वेळ बसली. भात गार झाला. मग तोंडात घातली, हळूहळू चावली, गिळली. आम्ही सगळे तिच्याकडे पाहत होतो.

"मीठ कमी पडलं," ती म्हणाली.

पुढे डोळे मिटेपर्यंत खात होती. मागून घेऊन खायची. वात काही झाला नाही तिला.

आता सांग, बाई. तुला रागावू नको तर काय करू? त्या दिवशी व्हरांड्यात मी तोंडापर्यंत आलेले दोन शब्द गिळले, ते तुझ्या बोटाच्या बियांसाठी. आणि तू सांगतेस, घरात माणूस नव्हता. मग तू कोण होतीस? सडलेल्या कोहळ्याचं मला काही नाही. माझा जीव तुटतो तो याच्यासाठी, की उद्या तुझ्या मांडीवर पोरगी येईल आणि तीही विचारेल, रक्त निघतं का? तेव्हा तू तिला काय सांगशील?

ते फोनवर नको सांगूस. इथे येऊन सांग. गोठ्याच्या छपरावर दोन आहेत, एक तर चांगलंच दणदणीत झालं आहे, देठ वाळू लागलं आहे. मी ते उतरवलेलं नाही, तुझ्यासाठी ठेवलं आहे. पावशीला धार लावून आणली. जावयालाही आण, त्याला बिया काढायला बसवू, चांगलं काम आहे, हात चिकट होतात फक्त. मीठ मी टाकीन. पहिला घाव तुझा. देठ गळायच्या आत ये.